निकेलवर चालणारं हॉटेल

मुंबईत असेपर्यंत मी हॉटेलात एकटी कधी बसले नाही. कॉलेजच्या दिवसांत इराण्याकडे जायचो, पण चौघीपाचजणी मिळून, आणि बसायचो 'फॅमिली रूम' अशी पाटी लावलेल्या कप्प्यात. एकटीने आत शिरायचं, खुर्ची ओढायची, चहा सांगायचा आणि रस्त्यावरची रहदारी बघत सावकाश संपवायचा, एवढीच तर गोष्ट. पण तेवढी करायचं मनात आणलं की पोऱ्यापासून गल्ल्यावरच्या शेटपर्यंत सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटायचं. (बघतही असत.) मग भूक लागली की गाडीवरचा वडापाव उभ्या उभ्या संपवायचा आणि चर्नी रोड स्टेशन गाठायचं.

१९९८ साली नोकरीसाठी न्यूयॉर्कला आले तेव्हा वाटलं, चला, सुटलो. इथे कोण कुणाकडे बघतंय? बघत कुणी नव्हतं हे खरं. पण हॉटेलच्या दारात उभी असलेली मुलगी हसून विचारायची, 'जस्ट वन?' तिच्या मनात काही नसायचं. माझ्या मात्र त्या 'जस्ट'ने पोटात बारीकसा गोळा यायचा. पहिलं वर्षभर मी दुपारचं जेवण डब्यातून आणून माझ्या टेबलावरच उरकलं.

आमच्या ऑफिसात हिशेबखात्यात एक म्हातारी होती. ब्राँक्समध्ये जन्मलेली, तिथेच वाढलेली, निवृत्तीला आलेली. माझ्या डब्यातली पोळी तिला फार आवडायची, तूप लावलेली असली तर जास्तच. एकदा तिला मी हे 'जस्ट वन'चं सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "तू उशिरा आलीस गं. ऑटोमॅट बंद पडल्यावर आलीस."

मला वाटलं, ही कपडे धुवायच्या यंत्राबद्दल बोलतेय.

तिचं ऑटोमॅट म्हणजे हॉर्न अँड हार्डार्टची हॉटेलं. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क ह्या दोन शहरांच्या बाहेर ह्या साखळीचं नाव फारसं पोचलं नाही, पण ह्या दोन शहरांत मात्र ती घराघरात ठाऊक होती. ऐन भरात रोज आठ लाखांच्या आसपास माणसं तिथे खाऊन जात. आणि तिथे वेटर नव्हते. आत गेलं की समोर भिंत, भिंतीभर पोस्टाच्या पेट्यांसारखे छोटे कप्पे, प्रत्येकाला काचेचं दार. एका कप्प्यात 'पाय' नावाच्या भाजलेल्या गोड पदार्थाचा तुकडा, एकात बीन्सचं भांडं, एकात सँडविच. शेजारच्या फटीत निकेल, म्हणजे पाच सेंटांचं नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, टक् करून दार सुटतं, बशी बाहेर काढायची, हव्या त्या टेबलावर जाऊन बसायचं. टिप नाही, बिल नाही, 'अजून काही?' नाही.

आमची ही म्हातारी लहानपणी, सात-आठ वर्षांची असताना, आईबरोबर तिथे जायची. आई डॉलरची नोट तिच्या हातात द्यायची. ती नोट घेऊन काचेच्या चौकटीत बसलेल्या बाईकडे जायचं. त्या बायकांना लोक 'निकेल थ्रोअर' म्हणत. बोटांना रबराच्या टोप्या घातलेल्या. नोट घेतली की ती बाई न बघता, न मोजता मूठभर निकेलं काउंटरवर सरकवायची. बरोबर वीस. "मी दर वेळी मोजायचे," म्हातारी म्हणाली, "एकदा तरी ती चुकेल म्हणून. नाही चुकली."

आणि कॉफी. कॉफीचा नळ म्हणजे पितळेचा डॉल्फिन मासा, आ वासलेला. निकेल टाकून दांडी फिरवली की त्याच्या तोंडातून कॉफी यायची आणि कप काठोकाठ भरला की आपोआप थांबायची. पहिल्यांदा हिने निकेल टाकलं, दांडी फिरवली, आणि कप खाली ठेवायचा विसरली. नवे पांढरे बूट होते, रविवारचे. साठ वर्षांनंतरही ते सांगताना तिची नजर खाली पायांकडे गेली.

तेव्हापासून मी ह्या हॉटेलाच्या मागे लागले. पुस्तकं, जुनी वर्तमानपत्रं, जे मिळेल ते वाचत गेले. नवऱ्याचं म्हणणं, जिथे आपण कधी जेवलो नाही आणि जेवणारही नाही अशा हॉटेलाची एवढी माहिती ठेवणारी माणसं मराठीच असणार.

सुरुवात यंत्राने झालेलीच नव्हती. २२ डिसेंबर १८८८ रोजी जोसेफ हॉर्न आणि फ्रँक हार्डार्ट ह्या दोघांनी फिलाडेल्फियाच्या तेराव्या रस्त्यावर एक बारकंसं दुकान उघडलं. टेबल एकही नाही. काउंटर आणि त्यापुढे पंधरा स्टुलं. हॉर्न गावातला, हातात थोडं भांडवल असलेला. त्याने भागीदार हवा म्हणून पेपरात जाहिरात दिली. हार्डार्ट जर्मनीत जन्मून न्यू ऑर्लिन्सला वाढलेला, हॉटेलांत राबलेला, खिसा रिकामा. त्याने साखरेच्या पिशवीचा कागद फाडून त्यावर 'तुम्हाला हवा तो माणूस मीच' एवढंच लिहून पाठवलं असं सांगतात. पहिल्या दिवसाचा गल्ला सव्वा सात डॉलर.

पण हार्डार्टकडे एक गोष्ट होती जी पैशात मोजता येत नव्हती. न्यू ऑर्लिन्सला तो कॉफी करायला शिकला होता. त्या काळी उत्तरेकडे कॉफी म्हणजे पातेल्यात खळखळ उकळायची, गाळ खाली बसावा म्हणून त्यात अंड्याची टरफलंही टाकायची. हार्डार्टची कॉफी पूड न उकळता, वरून गरम पाणी सोडून, थेंबथेंब गाळलेली. आपल्याकडच्या फिल्टर कॉफीची मावसबहीणच. लोक त्या कॉफीसाठी यायला लागले. पुढे साखळी केवढी तरी वाढली, पण कॉफीचा नियम सुटला नाही: केलेली कॉफी वीस मिनिटांत संपली नाही तर ओतून द्यायची, नवी करायची. ओतून द्यायची! हे वाचून माझा जीव कळवळला. आमच्याकडे सकाळचा उरलेला चहा चारला गरम होतो.

यंत्र आलं बर्लिनहून. तिथे क्विझिझाना नावाच्या कंपनीने अशी हॉटेलं चालवली होती. हॉर्न आणि हार्डार्टनी ती यंत्रं मागवली आणि जून १९०२ मध्ये फिलाडेल्फियात, ८१८ चेस्टनट स्ट्रीटवर, अमेरिकेतलं पहिलं ऑटोमॅट उघडलं. पुढे त्यांच्याच इंजिनिअरने, जॉन फ्रित्शेने, ते यंत्र इथल्या कामाला जुळेल असं बदललं. दहा वर्षांनी, २ जुलै १९१२ ला, ते न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये आले; दर्शनी बाजूला दोन मजले उंच रंगीत काचांची नक्षी. पहिल्या दिवशी ८,६९३ निकेलं पडली म्हणतात.

ह्या सगळ्यात मला थांबवून ठेवतो तो थाट. खालून पाच सेंट, वर रंगीत काच. संगमरवरी टेबलं, पितळ, आणि चिनी मातीच्या खऱ्या कपबशा. स्वस्त म्हणजे कळकट असलंच पाहिजे हे त्यांना मान्यच नव्हतं. शेजारच्या टेबलावर टोपी घातलेला शेअरबाजारवाला आणि समोर कामावरून सुटलेला हमाल, दोघांनी तीच कॉफी त्याच नळातून घेतलेली. आणि एकट्या बायका. १९१२ च्या न्यूयॉर्कमध्ये रात्री पुरुष सोबत नसेल तर बाईला टेबल न देणारी हॉटेलं होती. ऑफिसात टायपिंग करणाऱ्या, दुकानांत उभ्या राहणाऱ्या मुलींची संख्या तर वाढत चाललेली. त्यांना ऑटोमॅटमध्ये कोण अडवणार? दारात कुणी उभंच नव्हतं. डॉल्फिन काही 'एकट्याच का?' असं विचारत नाही.

मंदीच्या काळात तर हॉटेलाने लोकांना अक्षरशः तगवलं. १९३० नंतरची गोष्ट. माणसं आत यायची, गरम पाणी फुकट घ्यायची, टेबलावरचं केचप त्यात ढवळायची: टोमॅटो सूप तयार. आइस्ड टीसाठी ठेवलेल्या लिंबाच्या फोडी, साखर आणि पाणी: सरबत तयार. व्यवस्थापनाला हे दिसत नव्हतं असं कसं म्हणू? पण हाकलून द्यायची रीत नव्हती. एका कपावर दुपार काढली तरी चालायची. इथे मला आपला इराणी आठवतो. भिंतीवर शंभर नियमांची पाटी, आणि तरी एका पानीकम चहावर तास-तास बसलेली बेकार मुलं.

आता त्या निकेलबद्दल, कारण माझ्या मते हॉटेल उभं राहिलं त्यानेच आणि बसलंही त्यानेच.

१९१२ पासून १९५० पर्यंत तिथल्या कॉफीचा भाव पाच सेंट होता. अडतीस वर्षं. मधे दोन महायुद्धं आली, दूध महागलं, साखर महागली, पगार वाढले. शेवटी शेवटी तर प्रत्येक कपामागे तोटा व्हायला लागला होता. मग भाव का नाही वाढवला? भिंतीला फट होती एकाच नाण्याच्या मापाची. आणि सहा सेंटांचं नाणं जगात नाही, सातचंही नाही. माणूस गल्ल्यावर असता तर 'एक सेंट वरती द्या' म्हणाला असता. भिंतीला ते म्हणता येत नव्हतं. भाव वाढवायचा तर एकदम दुप्पट. ह्याच अडचणीत कोकाकोलाही सापडली होती. त्यांचं पेय तर १८८६ पासून पाच सेंटांचं, आणि विकायची यंत्रं निकेलवर चालणारी. १९५३ साली कंपनीने सरकारकडे साडेसात सेंटांचं नाणं पाडा अशी गळ घातली होती. हसू येतं, पण त्यांचं दुखणं खरंच होतं.

१९५० मध्ये हॉर्न अँड हार्डार्टने कॉफी दहा सेंट केली. दोन निकेलं. खप धाडकन उतरला. रक्कम फार नव्हती, लोकांकडे पैसे नव्हते असंही नाही. युद्धानंतरची अमेरिका होती ती. पण पाच सेंट हा त्यांच्या डोक्यात भाव राहिलाच नव्हता, तो शब्द होता, दिलेला. आमची म्हातारी तेव्हा सतरा वर्षांची. तिचे वडील त्या दिवसानंतर पुन्हा गेले नाहीत म्हणे. शेजारच्या दुकानात दहा सेंटांची, ह्याच्याहून वाईट कॉफी प्यायले, पण तिथे गेले नाहीत.

पुढचं लवकर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. लोक उपनगरांत राहायला गेले, संध्याकाळी शहर ओस पडायला लागलं, ऑफिसांनी आपापली कँटीनं काढली, बर्गरवाले आले. खर्च वाचवायला पदार्थांत काटछाट झाली आणि मग जुनी गिऱ्हाइकंही म्हणायला लागली, पूर्वीसारखं राहिलं नाही. १९७० च्या दशकात कंपनीने स्वतःच आपल्या ऑटोमॅटच्या जागी बर्गर किंगच्या शाखा काढल्या. शेवटचं ऑटोमॅट, बेचाळिसावा रस्ता आणि थर्ड ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावरचं, ९ एप्रिल १९९१ ला बंद झालं. तिथे पुढे कपड्यांचं दुकान आलं. चेस्टनट स्ट्रीटवरच्या पहिल्या ऑटोमॅटच्या भिंतीचा पस्तीस फूट तुकडा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेला.

म्हातारी निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेली. जाताना मला एक निकेल देऊन गेली, एरवी कुणी उचलणार नाही असं, काळवंडलेलं. मी ते देव्हाऱ्यातल्या सुपारीशेजारी ठेवलं. दुसरी जागा सुचली नाही.

२०१२ च्या उन्हाळ्यात आई गिरगावातून आमच्याकडे आली होती. त्याच वेळी न्यूयॉर्कच्या मोठ्या वाचनालयात, त्या सिंहांच्या पुतळ्यांच्या इमारतीत, शहराच्या दुपारच्या जेवणाचं प्रदर्शन भरलं होतं. 'लंच आवर एनवायसी.' तिथे ऑटोमॅटची एक भिंत दुरुस्त करून, घासूनपुसून उभी केली होती. मी आईला आणि मुलाला घेऊन गेले. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा.

काचेची दारं उघडत होती. आत खाणं नव्हतं, पाककृतींची कार्डं होती. दार उघडायचं आणि एक न्यायचं. आईला पटकन चर्नी रोड स्टेशनवरचं वजनाचं यंत्र आठवलं. रुपया टाकला की लाल-पिवळे दिवे लागायचे, चक्र गरगरायचं आणि खालून पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. "वजन खरं नसायचं," आई म्हणाली, "भविष्य बरं असायचं." तिच्या हातात आलं ते मॅकरोनी अँड चीजचं कार्ड.

मी तिला उत्साहाने सगळं सांगत होते. निकेल, डॉल्फिन, बर्लिन, वीस मिनिटांची कॉफी. १९२४ पासून हेच पदार्थ घरी न्यायला दुकानंही काढली होती आणि त्यांचं घोषवाक्य होतं 'लेस वर्क फॉर मदर', तेही सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे पोळीभाजी केंद्र." बरोबर, तेच. आई आयुष्यात एकदाही विकतची पोळी घरात आणू न देणारी बाई. पण आमच्या मजल्यावरची एक बाई पहाटे चारला उठून केंद्रासाठी दोनशे पोळ्या लाटायची, हे तिला ठाऊक होतं. 'मदर'चं काम कमी झालं म्हणजे ते दुसऱ्या कुठल्या तरी मदरकडे गेलं, एवढा हिशेब तिचा पक्का.

म्हणून तिने विचारलं, "आणि ह्याच्या पलीकडे कोण असायचं?"

भिंतीला वळसा घालून मागे जाता येत होतं. मी इतकं वाचलं होतं, पण माझ्या मनातलं ऑटोमॅट नेहमी पुढूनच दिसायचं. मागची बाजू म्हणजे नुसतं उघडं लोखंड. कप्प्यांची उभी रांग एका फिरत्या पिंपात बसवलेली. पुढचे कप्पे रिकामे झाले की मागच्या माणसाने पिंप आपल्याकडे फिरवून घ्यायचं, कप्पे भरायचे, पुन्हा फिरवायचं. पुढच्याला दिसायचं एवढंच की एक बशी नेली तिथे क्षणात दुसरी बशी आली. जादूच. यंत्राचं हॉटेल म्हणून गाजलं, आणि यंत्र करत काय होतं, तर पैसे घेत होतं आणि दार उघडत होतं. बाकी सगळं हाताने. मुख्य स्वयंपाकघरात रांधायचं, गाड्यांतून शाखांवर पोचवायचं, इथे मागे उभं राहून भरायचं, खरकटं उचलायचं.

मला जे आवडलं होतं, कुणी न बघता एकटीने बसणं, ते ह्या भिंतीमुळे होतं. आणि भिंत असल्यामुळे पलीकडच्यांनाही कुणी बघत नव्हतं. हे मला आईने त्या पिंपावर हात ठेवून ते किती जड आहे बघण्यापूर्वी सुचायला हवं होतं. तिथला रखवालदार धावत आला; हात लावायची परवानगी नव्हती. आई त्याला मराठीत म्हणाली, "हो हो, लावला, आता नाही लावत." त्याला समजलं असावं.

परत येताना बेचाळिसाव्या रस्त्याने चालत थर्ड ॲव्हेन्यूपर्यंत गेलो. कोपऱ्यावर उभं राहून मी दाखवलं, इथे होतं शेवटचं. आईने रस्ता, दुकान आणि माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग आता कॉफी कुठे मिळेल?"

त्या रविवारी आईने कार्डावरची मॅकरोनी केली. मी वाचत गेले, ती करत गेली. लोण्यात मैदा परतायचा हे तिला पटलं नाही, पण परतला. साय, चीज, मिऱ्याची पांढरी पूड, आणि लाल तिखट. "बघ, तिखट घालतात." मग डब्यातल्या टोमॅटोचे तुकडे, आणि त्यात साखर. इथे ती थांबली. तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं, इंग्रजी तिला सावकाश वाचता येतं, तिने ती ओळ स्वतः वाचली, 'शुगर'वर बोट ठेवलं. आंबट पडलं की चिमूटभर साखर, हे तिला वाटत होतं फक्त आपल्याच घरी. कार्ड तिने परत देताना ओट्यावर ठेवलं नाही, फळीवर, गोडा मसाल्याच्या बरणीला टेकवून उभं केलं.

आमच्या घरी स्वयंपाकघर आणि जेवायच्या खोलीच्या मधल्या भिंतीत एक खिडकी आहे, इथल्या पुष्कळ घरांत असते तशी. आईने मॅकरोनी वाट्यांत काढली आणि एकेक वाटी खिडकीत ठेवायला लागली. मुलाने एक उचलली, संपवली, परत आला. खिडकीत दुसरी वाटी होतीच. तीही संपवली. तिसऱ्या वेळी आला तेव्हा त्याच्या मुठीत देव्हाऱ्यातलं ते काळं निकेल होतं. त्याने ते खिडकीच्या कट्ट्यावर टक् करून ठेवलं.

आतून आईचा हात आला, निकेल उचललं, उलटंपालटं करून पाहिलं.

"सुटे नाहीत," आई म्हणाली, आणि वाटी पुढे सरकवली.